मदत हवी आहे: शिडाच्या बोटीत रात्रीतून दोन बादल्या पाणी, गळती सापडत नाही

खारेवारे:
मंडळी, नमस्कार. एरवी इथे नुसता वाचनमात्र असतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

दिवाळीनंतर मुंबईत एक जुनी १९ फुटी फायबरची शिडाची बोट घेतली. एक डोलकाठी, दोन शिडं, मागे बाहेरून लावलेलं ८ एचपीचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, आणि तळातून खाली सोडायची लोखंडी पात, म्हणजे सेंटरबोर्ड. पात वर खेचली की दीड-दोन फूट पाण्यातही बोट तरंगते. त्याच मोहाने घेतली, कारण आमचं घर रेवदंड्याला आणि ओहोटीला कुंडलिका नदीच्या काठाशी पाणी कमी, चिखलच जास्त. फेब्रुवारीत गेटवेहून खाली आणली. पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघालो, खांदेरी डाव्या हाताला ठेवली, दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा लागला आणि चारच्या सुमारास कोर्लईचा किल्ला समोर आला. त्या दिवशी आत थेंब नव्हता.

मार्चपासून रोज सकाळी तळात पाणी सापडतं. रात्रीतून साधारण दोन बादल्या, म्हणजे तीसेक लिटर. मी केलेले उद्योग असे: मागच्या बुचाचा वॉशर बदलला. पात ज्या उभ्या पेटीत बसते तिच्या कडेने आतून इपॉक्सी लांबी भरली, गुडघे सोलून निघाले, दोन डबे संपले. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पाणी परत हजर. मग फ्लोट-स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा, पंप बसवला. त्याने रात्रभर इमानेइतबारे काम करून बॅटरी उतरवली आणि सकाळी फळ्या तरंगत होत्या.

एका यार्डवाल्याला फोन केला. त्याने बोट न बघताच "तळच नवीन करावा लागेल" म्हणून सांगितलं आणि जो आकडा बोलला तो ऐकून बायको दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाहीये.

मेच्या शेवटी बोट तशीही बाहेर काढायची आहे. तोवर कळ काढू, की आत्ताच क्रेन बोलवू? क्रेनचे पैसे दोनदा भरायची तयारी नाही.

जाता जाता अजून एक. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बाहेर उडणारी पिचकारी हल्ली बारीक पडते आणि गरम झाल्याची शिट्टी एकदा वाजली. दोन्हीचा काही संबंध असेल का?

मुळामुठा:
पंपाचा पाइप बोटीबाहेर कुठे काढलाय? तोंड पाण्याच्या रेषेजवळ असेल आणि मध्ये उंच वळण दिलेलं नसेल, तर पंप बंद झाल्यावर त्याच पाइपातून पाणी उलटं आत येतं. खडकवासल्यात आमच्या एका मित्राची बोट अशीच भरली होती.

खारेवारे:
मुळामुठा, पंप नंतर बसवला, पाणी त्याच्या आधीपासून आहे. पण तोंड खरंच खाली होतं, आजच वर घेतलं. धन्यवाद.

जुनातांडेल:
पहिला प्रश्न. पाणी चाखलंत का?

हसू नका. आमच्याकडे होडीत पाणी दिसलं की आधी हाताचं बोट त्यात बुडवून जिभेला लावतात, मग बाकीचं बोलणं. खारट असेल तर खालून, गोडं असेल तर वरून. एप्रिलात पाऊस नाही म्हणून गोडं नसणारच असं धरून चालू नका. पिण्याच्या पाण्याचा कॅन गळतो, बर्फाची पेटी गळते, आणि माणूस तळ खरवडत बसतो.

दुसरा प्रश्न. ओहोटीला बोट चिखलात टेकते तेव्हा पाणी यायचं थांबतं का? आणि तिसरा, शिडावर चालताना एका अंगाला कलली की जास्त येतं, की दोन्ही अंगांना सारखंच? ही तीन उत्तरं आल्याशिवाय क्रेनला फोन करू नका. लांबीचा अजून एक डबा तर अजिबात आणू नका. गळती बाहेरून बुजवायची असते. आतून भरलेल्या लांबीला पाणी मागून ढकलत राहतं, ते आज ना उद्या ती सोडवणारच.

फक्तवाचक:
आठ एचपीचं इंजिन लावून बोट "शिडाची"? 🙂

जुनातांडेल:
फक्तवाचक, वारा पडल्यावर ओहोटीच्या ओढीत कुंडलिकेच्या मुखातून आत या एकदा. मग बोलू.

लेथवरचा_माणूस:
पिचकारीचं मी सांगतो. संबंध नाही, दोन दुखणी वेगळी आहेत. इंजिनाच्या ज्या भोकातून पिचकारी उडते त्यात चिखल आणि मीठ साचतं. जाड तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) घ्या, इंजिन बंद ठेवून भोकात घालून फिरवा. तार घालू नका. तेवढ्याने धार सुधारली तर छान. नाही सुधारली तर इंजिनाच्या खालच्या पायातला पाणी ओढणारा रबरी इम्पेलर झिजलाय, बदला. चिखलाच्या पाण्यात तो वाळूकागदावर घासल्यासारखा झिजतो. आणि पाण्याबाहेर "जरा चालतंय का बघू" म्हणून इंजिन कधी सुरू करू नका, कोरडा इम्पेलर काही सेकंदांत फाटतो. पिंपात गोडं पाणी भरा, इंजिनाचा पाय त्यात बुडवा, मग दहा मिनिटं चालवा.

पेट्रोलचंही बघा. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकीत ठेवून दिलं की पाणी वेगळं होऊन तळाला बसतं. म्हणून पाणी वेगळं करणारा फिल्टर लावाच, आणि पावसाळ्यात टाकी व कार्बोरेटर दोन्ही रिकामे करून ठेवा.

खारेवारे:
तंगूस घातली, काळा चिखल आणि एक बारीक शिंपली निघाली. आता पिचकारी पहिल्यासारखी. लेथवरचा_माणूस, तुम्हाला वाटेल तेव्हा रेवदंड्याला या, सोलकढी माझ्याकडून.

तांडेलकाका, चाखलं. खारट, वर पेट्रोलचा वास. तोंड दिवसभर तसंच होतं. काल आणि परवा भरती-ओहोटीप्रमाणे दर तासाला पट्टी लावून मोजलं. बोट चिखलात बसली की पाणी थांबतं, अगदी थांबतं. तरंगली की पुन्हा सुरू. शिडावर डावीकडे कलवून अर्धा तास, उजवीकडे कलवून अर्धा तास चालवलं. दोन्ही वेळा सारखंच.

जुनातांडेल:
मग काम अर्धं झालं. दोन्ही अंगांना सारखं म्हणजे कुशी चांगल्या आहेत, भानगड मधल्या रेषेत. तिथे तुमच्या बोटीला तीनच जागा आहेत: मागचं बूच, पातीच्या पेटीचा जोड, आणि ज्या बोल्टवर पात झुलते तो बोल्ट. बूच तुम्ही केलंत. माझा संशय बोल्टवर. तो पेटीच्या आरपार जातो आणि कायम पाण्याखाली असतो. दोन्ही बाजूंना रबरी वॉशर असतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही, कारण ते फळ्यांखाली असतात.

खात्री करायची तर तळ फडक्याने पूर्ण कोरडा करा, पेटीभोवती टाल्कम पावडर भुरभुरवा आणि टॉर्च घेऊन बसा. पाणी पावडरीतून वाट काढत येतं, ओघळ उलटा शोधत जा.

क्रेन नको. उधाणावर, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीवर, बोट वाळूत बसवा आणि ओहोटीत काम उरका. आमच्या होड्या आम्ही अशाच करतो. फक्त तिथी नीट निवडा. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती, हे तुम्हाला माहीत असेलच. द्वादशीला नऊच्या सुमारास भरती, तीनच्या सुमारास ओहोटी, म्हणजे उजेडात काम. पण खरी गोम पुढे आहे. बोट उधाण चढतं असताना बसवायची, उतरतं असताना नाही. द्वादशीला बसवलीत तर रात्रीची, नाहीतर दुसऱ्या दिवशीची भरती चढती मिळते, काम राहिलं तरी बोट सुटते. तृतीया-चतुर्थीला भरतीच्या टोकाला नेऊन बसवलीत तर पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा खाली, मग भांग, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती, आणि बोट पंधरा दिवस तिथेच. माझ्या चुलत्याची अशी अडकली होती, पोरं तिच्यावर क्रिकेट बघायला बसायची.

दिवसाची आणि रात्रीची भरती सारख्या उंचीची नसते, म्हणून पाऊणपटावर अंदाज धरा पण मुंबई अपोलो बंदरचा भरतीचा तक्ता उघडून आकडे बघा.

सोलेंटकर:
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून. इथेही बरेच जण क्रेनचे पैसे वाचवायला हेच करतात. बंदराच्या भिंतीला बोट टेकवायची, ओहोटीत ती उभी राहते, सहा तासांत तळ घासून रंग लावायचा. काकांच्या सांगण्यात एकच भर: पातीची बोट सपाट वाळूत तशीच बसवू नका. पेटीच्या फटीत वाळू घट्ट भरते आणि मग पात खाली सुटतच नाही. तळाखाली मधली रेष सोडून दोन आडवे ओंडके येतील असं बघा, म्हणजे फट मोकळी राहील.

आणि बोल्ट काढण्याआधी पात दोन ठिकाणी दोराने बांधा. साठ किलोचं लोखंड पायावर पडलं की बोटीचा प्रश्न दुय्यम होतो.

लेथवरचा_माणूस:
बोल्ट नवा करायचा ठरलं तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस सांगा. बाजारात ३०४ सर्रास देतात, खाऱ्या पाण्यात त्याला खड्डे पडतात. लोहचुंबक लावून ओळखता येतं असं दुकानदार सांगतील, खोटं आहे. दोन्हीला चुंबक जवळपास धरतच नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

वॉशरच्या मागे सिलिकॉन भरू नका, पाण्याखाली ते टिकत नाही. पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेनचं सीलंट आणा.

खारेवारे:
काल केलं. सविस्तर लिहितो, कुणाच्या तरी कामाला येईल.

पावडरीचा प्रयोग आधीच केला होता. फळ्या काढून आडवा पडलो. वीस मिनिटं काहीच नाही, मग पेटीच्या उजव्या बाजूला पांढऱ्या पावडरीत एक करडी रेघ उमटली, मुंगी चालावी तशी. तिचं टोक बरोबर बोल्टच्या डोक्याखाली.

द्वादशीला सकाळी साडेआठला वाडीतले दोघं आले. ओंडके आधीच रात्री वाळूत पुरून, खुणेला काठ्या रोवून ठेवले होते. भरती ओसरायला लागली आणि बोट हळूहळू खाली बसली, शेवटच्या क्षणी किंचित डावीकडे कलली, तिथे जुने टायर सरकवले. साडेबाराला खाली कोरडं. पात बांधली, बोल्टचा नट फिरेना. अर्धा तास गंजाचं तेल, पाना, शिव्या, पुन्हा तेल. सुटला तेव्हा वॉशर हातात भिजल्या पापडासारखा आला. बोल्ट तर बघण्यासारखा होता: जिथे पात झुलते तिथे कमरेत घळ पडलेली, करंगळी आत बसावी एवढी. म्हणजे पात डुलली की बोल्ट हलायचा आणि वॉशर उचलला जायचा. यार्डवाल्याचा नवा तळ म्हणजे हे.

अलिबागहून बोल्ट आधीच करून आणला होता. जुना न काढताच डोक्याच्या मापावरून अंदाजाने सांगितल्यामुळे एक सूत जाड निघाला. तेव्हा तोंडचं पाणी पळालं. शेवटी भोक कानसून वाढवलं, नाहीतरी ते अंड्यासारखं झालंच होतं. जिथे फायबरचे उघडे धागे दिसत होते तिथे इपॉक्सी चोपडलं, उन्हाने लवकर धरलं. सीलंट, नवे वॉशर, बोल्ट. साडेपाचला पाणी ओंडक्यांना लागलं तेव्हा मी अजून नट आवळत होतो.

रात्री पावणेदहाला बोट तरंगली. सकाळी स्पंजाने पुसून काढलं तर अर्धा मग पाणी. चाखलं, खारटच आहे. पण कालच्या ओल्या चपलांचं असेल असं म्हणतोय. आठवडाभर मोजतो.

जुनातांडेल:
शाब्बास. अर्ध्या मगाचं दुखणं नाही. फायबरच्या आतल्या पोकळीत साठलेलं असतं, ते आठ-दहा दिवस झिरपत राहतं. वाढलं तर सांगा.

इंजिनाच्या पायावरचा झिंकचा तुकडा, पायाऐवजी स्वतः झिजणारा, बघितलात का? अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदला, आणि त्याच्यावर रंग लावू नका. तळाला लावायचा तांब्याचा रंग इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या पायाला तर चुकूनही नको, पाय सडतो.

खारेवारे:
काका... तांब्याचा रंग मार्चमध्ये पायालाही मारलाय. उरला होता म्हणून.

जुनातांडेल:
खरवडा. आजच.

बाकी बोट पावसाळ्यासाठी बाहेर काढून शाकारायची तयारी मेच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू करा. जूनच्या आधीच दर्या बिघडतो, आणि मासेमारी १ जूनला बंद होते तेव्हा सगळ्यांनाच ट्रॅक्टर एकाच वेळी हवा असतो. बाहेर काढताना मात्र उलटा हिशोब, सगळ्यांत मोठी भरती धरायची, अमावस्या-पौर्णिमेनंतरची प्रतिपदा-द्वितीया. जितकी वर जाईल तितकी बरी. नाक जरा उंच ठेवा, मागचं बूच काढून ठेवा म्हणजे पावसाचं पाणी वाहून जाईल, आणि ते बूच डोलकाठीला दोरीने बांधा. नारळी पौर्णिमेनंतर बूच न लावता बोट पाण्यात लोटणारे दरवर्षी एक-दोन निघतात.

मुळामुठा:
झाकायला ताडपत्री की झाप (विणलेल्या नारळाच्या झावळ्या)?

खारेवारे:
ताडपत्री आहे, पण वाडीतले म्हणतात ती वाऱ्यात फाटते आणि खाली हवा कोंडून बुरशी धरते. झाप विणणारं कुणी चौल-रेवदंडा भागात माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. साधारण पंधरा लागतील.