मील प्लॅनची सक्ती: पोरांची काळजी की वसुली?

निळीछत्री
परवा 'दोन मुलींचे बाबा' यांनी इथे लिहिलं की अमेरिकेतली विद्यापीठं पहिल्या वर्षाच्या मुलांवर मील प्लॅनची, म्हणजे सेमिस्टरभराच्या जेवणाचे पैसे आधीच भरण्याची, सक्ती करतात ते योग्यच आहे, कारण 'मोकळे पैसे हातात दिले तर ही मुलं चिप्स आणि कॉफीवर दिवस काढतात'. दोन दिवस गप्प बसले. आज राहवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे डॉर्ममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या वसतिगृहात, राहायचं तर प्लॅन घ्यावाच लागतो. मी सगळ्यात स्वस्त घेतला: आठवड्याला 14 जेवणं, सेमिस्टरचे 2,900 डॉलर. पंधरा आठवड्यांची 210 जेवणं झाली, म्हणजे एका स्वाइपला (कार्ड एकदा फिरवून मिळणाऱ्या एका जेवणाला) 14 डॉलरच्या जरा खाली. पण रविवारी रात्री उरलेली स्वाइप्स बाद होतात. पुढच्या आठवड्यात जात नाहीत, पैसे परत येत नाहीत. माझी आठवड्याला नऊच वापरून होतात. त्या हिशेबाने एक जेवण मला साडेएकवीस डॉलरला पडतं.

नऊच का? मंगळवारी आणि गुरुवारी माझी केमिस्ट्रीची लॅब पाच ते आठ असते. डायनिंग हॉल साडेसातला बंद. गेल्या गुरुवारी आमचा प्रयोग लवकर आटोपला आणि मी गॉगल कपाळावर तसाच ठेवून धावत सुटले. पोचले तर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून झाल्या होत्या. काचेपलीकडे एक बाई सूपचं मोठं भांडं दोन्ही हातांनी कलतं करून सिंकमध्ये ओतत होती. वाफ निघत होती अजून. माझ्या कार्डावर त्या आठवड्याची सहा जेवणं शिल्लक होती, आणि मी व्हेंडिंग मशिनमधून चिप्स घेऊन खोलीवर आले. काका, तुम्ही म्हणता ती चिप्स खाणारी मुलं म्हणजे आम्हीच. आणि आम्ही प्लॅनवर आहोत.

दोन मुलींचे बाबा
तुझा हिशेब बरोबर असेल. पण माझाही अनुभव ऐक. माझी थोरली मास्टर्सला गेली तेव्हा तिच्यावर सक्ती नव्हती. आम्ही दर महिन्याला जेवणाचे पैसे वेगळे पाठवत होतो. रोज रात्री मी विचारायचो, जेवलीस का? ती हो म्हणायची. नोव्हेंबरमध्ये ती लायब्ररीच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन इतकं उतरलं होतं की डॉक्टरांनी तिलाच विचारलं, तू शेवटचं नीट कधी जेवलीस? तिला आठवेना. पैसे ती साठवत होती, आमच्यावर भार नको म्हणून.

धाकटीच्या कॉलेजात प्लॅन सक्तीचा आहे हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा शांत झोप लागली. पाच स्वाइप्स वाया गेली तर जाऊ देत. बापाच्या जागी उभं राहून बघ एकदा.

भांडीघर
मी डायनिंग हॉलमध्ये काम करतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आहे, सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच परवानगी, ते सगळे तास डिश रूममध्ये जातात. म्हणून आतली बाजू सांगतो.

स्वाइप्स बाद का होतात? प्लॅनची किंमत ठरवताना सगळे जण सगळी जेवणं जेवणार नाहीत हे आधीच धरलेलं असतं. कोणी येवो न येवो, आचारी, वीज, वाफेची यंत्रं, भांडी धुणारे आम्ही, हा खर्च ठरलेलाच असतो. उद्या सगळ्यांनी 14 च्या 14 वापरली तर पुढच्या वर्षी दर चढेल. आणि प्लॅन ऐच्छिक केला तर कमी खाणारे आधी बाहेर पडतील, उरतील ते भरपूर खाणारे. मग त्यांना तो परवडणार नाही आणि शेवटी हॉल बंद करावा लागेल. सक्ती असते ती यासाठी. यात काळजीबिळजी काही नाही, पण लूट म्हणणंही बरोबर नाही.

निळीछत्री
म्हणजे लॅबमुळे मी उपाशी राहते, आणि माझ्या त्या पाच जेवणांच्या पैशातून दुसऱ्याचं तिसरं ताट भरतं. हे तुम्ही माझ्यापेक्षा स्पष्ट मांडलंत. मग याला 'विद्यार्थ्यांच्या पोषणासाठी' असं का म्हणतात? ब्रोशरवर तसंच छापलंय.

तिसरा मजला
मी आरए आहे, म्हणजे डॉर्ममध्ये राहून मुलांकडे लक्ष देणारी विद्यार्थिनी; चाळीस मुलांचा मजला माझ्याकडे आहे. पैशाचं सोडा, सक्तीचा खरा चटका कोणाला बसतो ते बघा. माझ्या मजल्यावर सीलिअॅकची एक मुलगी आहे. ग्लूटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचा, कणही चालत नाही. हॉलमध्ये तिच्यासाठी वेगळा टोस्टर आहे, पण कोणीतरी घाईत त्यात साधा ब्रेड घालतं की संपलं. ती पूर्ण पैसे भरते आणि खोलीत मायक्रोवेव्हवर जेवते.

2012 साली लेस्ली युनिव्हर्सिटीला याच मुद्द्यावर अमेरिकेच्या न्याय विभागाशी समझोता करावा लागला होता. सक्तीचा प्लॅन असेल तर सीलिअॅक आणि अॅलर्जीच्या मुलांना सुरक्षित जेवण द्या, नाहीतर सूट द्या. त्यानंतर सगळीकडे फॉर्म आले. पण तो फॉर्म, डॉक्टरचं पत्र, तीन मीटिंगा, हे अठरा वर्षांच्या पोरीने कॉलेजच्या पहिल्या महिन्यात करायचं. निम्म्या मुली फॉर्म अर्धवट सोडतात, मी डोळ्यांनी बघते.

आणखी एक. सरकारी अन्नमदतीच्या, म्हणजे स्नॅपच्या नियमांत, निम्म्याहून जास्त जेवणं मील प्लॅनमधून मिळत असतील तर विद्यार्थी अपात्र ठरतो. आठवड्याची 21 जेवणं धरा, 11 चा प्लॅन असला की मदत नाही. इथल्या गरीब घरातल्या मुलाने प्लॅन मागितलेला नसतो, तो गळ्यात मारलेला असतो, आणि त्यामुळेच मदतीचं दार बंद होतं.

खडूफळा
सगळे मोठमोठं बोलताय, मी छोटं सांगतो. पहिल्या वर्षी रविवारी दुपारी जेवून निघताना मी दोन केळी आणि एक सँडविच बॅगेत टाकलं, रात्रीसाठी. दाराशी कार्ड बघणाऱ्या माणसाने थांबवलं, रांगेतल्या सगळ्यांसमोर चेन उघडायला लावली. सँडविच टिश्यूत गुंडाळलेलं होतं. त्याने ते उचलून कचऱ्यात टाकलं. केळी पण. सालासकट, न सोललेली. म्हणाला, बाहेर फक्त एक फळ नेता येतं. तेरा डॉलर मोजून मी आत आलो होतो आणि चोरासारखा बाहेर पडलो. आज पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, त्या दारातून परत गेलेलो नाही.

दोन मुलींचे बाबा
नियम एका फळाचा होता ना? मग दोन केळी आणि सँडविच का घेतलंस? पोटभर खा आणि निघ, असाच तो सौदा असतो. लग्नाच्या पंगतीतून आपण डबा भरून आणतो का?

खडूफळा
पंगतीला मी पैसे भरून जात नाही. इथे भरले होते. माझी चार जेवणं त्याच रात्री बाद होणार होती. ती चार जेवणं माझी की त्यांची? माझी असतील तर सँडविचही माझं.

भांडीघर
तुझी नाहीत. तू आत बसून जेवायचा हक्क विकत घेतलास. लोक काय काय नेतात ते मी बघतो. एक जण दर शुक्रवारी दूध भरायला दोन बाटल्या आणायचा. सीरियलच्या पिशव्या भरून जायच्या. त्याची किंमत शेवटी सगळ्यांच्या प्लॅनमध्ये चढते. दाराशी उभा असतो तो आमच्यासारखाच तासावर काम करणारा माणूस. एका पोराला सोडलं आणि मॅनेजरने बघितलं तर त्याची शिफ्ट जाते.

खडूफळा
आणि रात्री फेकता ते? त्याची किंमत नाही चढत? निळीछत्रीने डोळ्यांनी सूप सिंकमध्ये जाताना पाहिलं. माझी केळी कचऱ्यात गेली ती कोणाच्या पोटात गेली? गरजूंना अन्न दिलं तर खटला होईल ही सबब सांगू नका. त्यासाठी अन्नदात्याला संरक्षण देणारा बिल इमर्सन कायदा 1996 पासून आहे.

भांडीघर
सबब नाही. आत भट्टीत 135 फॅरनहाइटच्या वर राखलेलं अन्न आम्ही ट्रेमध्ये भरून देतो, आठवड्यातून दोनदा गाडी येते. लाइनवर उघडं ठेवलेलं, शंभर जणांनी चमचा घातलेलं, ते देत नाही. तू त्या अन्नातून आजारी पडलास तर इथे पहिला धागा तूच काढशील.

खरा कचरा बघायचा तर कन्व्हेयरच्या माझ्या टोकाला ये. पट्ट्यावरून ताटं येतात. पिझ्झाचे तीन तुकडे, एकाला एकच चावा. अख्खं सफरचंद. न उचकटलेलं दही. मी ग्लोव्ह घालून ते सगळं खालच्या नळीत ढकलतो, चार तास. आमच्याकडे ट्रे काढून टाकले तेव्हा थोडं कमी झालं, कारण दोन हातांत मावेल तेवढंच लोक घेतात. हे सगळं विद्यापीठ टाकत नाही, तुम्ही टाकता. हक्कावर भाषणं देणारे.

खडूफळा
मी एक घासही टाकत नाही. लहानपणापासूनची सवय आहे. दुसऱ्यांनी टाकलेल्याचं माप माझ्या पदरात घालू नका. भांडी घासता म्हणून हॉलचे मालक झालात का?

तिसरा मजला
हे वाक्य मागे घे. आत्ता.

भांडीघर
असू दे. मी घासतो, आणि त्या पैशांतून माझं भाडं निघतं. लाज वाटत नाही.

खडूफळा
चुकलो. ते लिहायला नको होतं. माफ करा. केळ्यांवरचं मत बदललेलं नाही, पण राग तुमच्यावर काढणं चूक होतं.

निळीछत्री
भांडीघर, तुमची बाजू आणि आमची बाजू वेगळी नाही असं मला वाटतं. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये हार्वर्डचे डायनिंगचे सुमारे साडेसातशे कामगार तीन आठवड्यांहून जास्त काळ संपावर होते. वर्षाला किमान 35,000 डॉलर मिळावेत आणि आरोग्य विम्याचा भार वाढू नये यासाठी. विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि मागण्या मान्य झाल्या. त्याच हार्वर्डमध्ये 1766 साली मुलं खवट लोण्यावरून हॉलमधून उठून बाहेर पडली होती. जेवणावरून भांडणं तेव्हापासूनची आहेत, आणि भांडल्याशिवाय कोणी काही बदललेलं नाही.

माझं म्हणणं हॉल बंद करा असं नाहीच. उरलेली स्वाइप्स निदान सेमिस्टरभर चालू द्या. लॅब असलेल्यांना डबा मिळू द्या, दुपारी नाव नोंदवलं की संध्याकाळी सहाला भरून ठेवलेला. आणि ज्याची जेवणं बाद होणार आहेत त्याला ती दुसऱ्याला देता येऊ देत. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या मुलांनी 2010 साली उरलेल्या स्वाइप्समधून भुकेल्यांना जेवू घालायला सुरुवात केली, त्यातून स्वाइप आउट हंगर ही संस्था उभी राहिली. म्हणजे हे जमतं.

भांडीघर
डबा जमेल. आजारी मुलांसाठी तसे डबे आम्ही भरतोच, आरएने मेल केली की. लॅबवाल्यांसाठी कोणी मागितलेलेच नाहीत. स्वाइप्स सेमिस्टरभर चालू ठेवली तर शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम तुटून पडतील आणि आमची कंबर मोडेल, हे लक्षात घे. महिन्याची मुदत दिली तर मी विरोध करणार नाही.

आणि खडूफळा, सँडविच कचऱ्यात टाकायला नको होतं. थांबवायचं होतं, परत आत बसवून खायला सांगायचं होतं. आमच्या दाराशी मी असतो तर तेच केलं असतं.

खडूफळा
केळ्यांचं काय?

भांडीघर
एक.

दोन मुलींचे बाबा
काल रात्री हे सगळं वाचून धाकटीला फोन केला. जेवलीस का असं नाही विचारलं, या आठवड्यात किती स्वाइप्स राहिली असं विचारलं. ती जरा थांबली. मग म्हणाली, बाबा, आठ. सकाळी आठचा वर्ग आहे, नाश्ता उघडतो साडेसातला आणि हॉल डॉर्मपासून वीस मिनिटं लांब आहे. नाश्ता तिने सप्टेंबरपासून एकदाही केलेला नाही. मला हे माहीत नव्हतं. मी पैसे भरले आणि निश्चिंत झालो.

सक्ती काढावी असं मला अजूनही वाटत नाही. थोरलीचा तो नोव्हेंबर मी विसरू शकत नाही. पण 19 चा प्लॅन तिला मीच घ्यायला लावला होता, ती 14 चा म्हणत होती. आता बदलता येईल का?

तिसरा मजला
चालू सत्रात बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच बदलता येतो, आता मुदत गेली असणार. तरी तिला हाउसिंगला मेल करायला सांगा, वर्गाचं वेळापत्रक जोडून. आणि तिच्या आरएला भेटायला सांगा. सकाळचा डबा आदल्या रात्री उचलता येतो का ते विचारायचं. आमच्याकडे येतो. कोणाला माहीत नसतं.