मदत हवी आहे : १ तारखेच्या आत मुंबईत भाड्याचं घर

निखिल_२७ : लोकहो, फार अडकलोय. १ तारखेच्या आत घर हवंय, आज २१. वन बीएचके, ३५ हजारांपर्यंत. रविवारी दोन घरं पाहिली. पहिलं आवडलं, पण सकाळी फोन केला तर गेलेलं होतं. दुसऱ्याचा एजंट आज संध्याकाळपर्यंत २५ हजार टोकन मागतोय, म्हणे तीन पार्ट्या थांबल्यात. देऊ का? प्लीज लवकर सांगा.

मुलुंडकर : घर कुठे, ऑफिस कुठे, एकटे की कुटुंब? मुलुंडला बघा. पाण्याचा त्रास नाही, बाजार चालत.

निखिल_२७ : ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल). घर मरोळला.

स्वाती_के : आठ वर्षांत पाच घरं बदलली, म्हणून कळकळीने सांगते. मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय एक रुपया देऊ नका. वीजबिल कोणाच्या नावावर आहे ते बघा. टोकन मालकाच्याच खात्यात टाका आणि सोसायटीने नकार दिला तर पैसे परत, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. माझे १५ हजार एका एजंटाकडे असेच बुडाले.

मुलुंडकर : बीकेसी असेल तर मुलुंडहून कुर्ला, पुढे शेअर रिक्षा. सोपं आहे.

प्राची_डी : संध्याकाळी कुर्ल्याला त्या रिक्षाच्या रांगेत उभं राहून बघा, मग सोपं म्हणा! मरोळ नाक्याहून मेट्रो ३ थेट बीकेसीला जाते. घाटकोपर-असल्फाकडे घर घेतलंत तरी मेट्रो १ने मरोळ नाक्याला येऊन बदलता येतं.

आर_जोशी : ३५ हजार भाडं म्हणजे पैसे पाण्यात. बदलापूरला घर घ्या, हप्ता तेवढाच बसेल.

निखिल_२७ : दादा, विकत घ्यायचं नाहीये. एजंट म्हणतो करार ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतो. चालेल ना?

मुलुंडकर : चालतं. आम्ही सगळे तसंच करायचो.

स्वाती_के : नाही चालत. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. आता ऑनलाइन होतं, माणूस घरी येऊन अंगठे घेतो. निखिल, घर नीट पाहिलंत का?

निखिल_२७ : नवीन रंग दिलाय. ओट्यामागच्या भिंतीला हात लावला तर गार लागली, बोटांना रंग आला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई सोबत असते, तिचे गुडघे दुखतात. पण दुसरं मिळतच नाहीये हो.

प्राची_डी : अहो, आई सोबत आहे हे आधी सांगायचं! ओल आहे ती, पावसाळ्यात भिंत पाझरेल. आईंना रोज तीन जिने चढायला लावू नका.

आर_जोशी : गुडघ्यांसाठी आयुर्वेदिक तेल आहे एक, माझ्या बहिणीला गुण आला.

निखिल_२७ : मालकाचा नंबर मागितला. एजंट म्हणतो टोकननंतर देतो.

स्वाती_के : मग सोडा ते घर. मरोळला विजयनगरमध्ये आमच्या ओळखीच्यांचं पहिल्या मजल्यावरचं घर २८ला रिकामं होतंय, लिफ्ट आहे. भाडं ३७ सांगतात, बोलून बघू. व्यनि (खाजगी निरोप) केलाय. उद्या आईंना घेऊनच या.