जिनातले पोट्टे तयार करावे कसे, अन् आपण शिकावं कुठं?

हिंगणघाटचा_मॅनेजर:
जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, सांभाळतो. मालक नागपुरात. मी मुळात अकाउंटवाला; जीएसटी, बँक, गाडीचा हिशेब झोपेतही सांगीन. पण फिटर म्हणतो, "साहेब, रोलरला खाचा माराव्या लागतात," अन् मी नुसती मान डोलावतो.

दुसरी अडचण ग्रेडरची, म्हणजे आलेल्या कापसाची प्रत ठरवणाऱ्याची. हाताखालचे दोन पोट्टे हुशार आहेत, पण हा त्यांना कापसाला हात लावू देत नाही. ते शिकले की आपली खुर्ची गेली, हे त्याचं गणित. मागच्या हंगामात एक तयार पोरगा दुसऱ्या जिनानं जास्त पगारावर नेला. मालक म्हणतात, मग शिकवता कशाला? काय करावं?

वणीकर_काका:
भाऊ, पयले ग्रेडरची भीती काढा. पोट्टे तयार झाले तर त्याचा पगार किती वाढीन, हे कागदावर द्या. तोंडी कोणी मानत नाही.

मंग गाडी आली की आधी पोट्ट्यानं मूठभर कापूस काढून ओलावा सांगायचा, मंग ग्रेडरनं, मीटर शेवटी. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, 8 टक्क्यांच्या वर भाव कापते अन् 12 च्या वर मालच घेत नाही. 9 आहे का 11, हे हाताला समजलं पाहिजे, शेतकऱ्याचा पैसा हाय तो. चुकला तर गाडीवाल्यापुढं टोकू नका. सुरुवात फरदडीवर, म्हणजे हंगाम सरताना येणाऱ्या कापसावर करा. तवा गाड्या कमी अन् माल नाना तऱ्हेचा.

राळेगावची_ताई:
काका, सरांच्या स्वतःच्या शिकण्याचं राहूनच गेलं! नागपूरला अमरावती रोडवर सिरकॉटचं, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस संशोधन संस्थेचं, जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. पावसाळ्यात जिन बंद असते तेव्हा जा, पण फिटरला सोबत घेऊन. एकटे शिकून आलात तर तो तुमचं एक ऐकणार नाही.

आणि तोवर रोज उतारा लिहा, म्हणजे किती कापसातून किती रुई निघाली ते. क्विंटलमागे 33-34 किलो रुई, म्हणजे 170 किलोच्या गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस. आकडा घसरला की फिटरकडे जाऊन "कोणत्या मशीनवर?" एवढंच विचारा. अकाउंटवाल्याला मशीनमध्ये शिरायला याहून सोपं दार नाही. आमच्या शेतकरी कंपनीत मी अशीच शिरले.

हिंगणघाटचा_मॅनेजर:
ताई, उतारा उद्यापासूनच लिहितो. काका, कागदाचं मालकाच्या गळी उतरवणं कठीण आहे, पण बोलतो. घोडं अडते ते फिटरपाशी. पावसाळ्यात आम्ही त्याला पगारच देत नाही, तो गावी सोयाबीन पेरायला जातो. प्रशिक्षणाच्या दिवसांची हजेरी धरा म्हणून आधी मालकाशी भांडावं लागीन.