मदत हवी आहे: जमिनीत गेलेल्या खोलीतला रेडॉन कोल्हापुरात कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी,

रंकाळ्याच्या बाजूला आमचं घर आहे. प्लॉट उताराचा, त्यामुळं खालची खोली मागच्या अंगानं निम्मी जमिनीत गेलीय. एक दार, एक बारकी खिडकी. आईला आता जिना चढवत नाही, म्हणून तिला खालीच झोपायची सोय करायची चाललीय. पावसाळ्यात ती खिडकी महिना महिना उघडत नाही.

ताई पेनसिल्व्हेनियात असते. तिकडं घर घेताना रेडॉन तपासून घ्यायची रीतच आहे. तिनं फोनवर विचारलं, "खालच्या खोलीतला रेडॉन बघितलास का?" तेव्हापासून वाचतोय. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून हा किरणोत्सारी वायू. रंग नाही, वास नाही. फरशीच्या भेगांतून, पाइपाभोवतीच्या फटींतून वर येतो आणि कोंदट खोलीत साठतो. धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण म्हणून याचंच नाव घेतात. आईनं अर्धं आयुष्य चुलीपुढं काढलंय, तिला आधीच दम लागतो. तिला तिथं हलवायच्या आधी मला खात्री करून घ्यायची आहे.

आपल्याकडचा काळा दगड बेसाल्ट, त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम बरंच कमी असतं. तेवढा धीर आला. पण शेजारशेजारच्या दोन घरांतही आकडा वेगळा येऊ शकतो, त्यामुळं नुसत्या अंदाजावर सोडायला मन घेत नाही.

अडलंय ते मोजायच्या पद्धतीवर. रेडॉन शोषून घेणाऱ्या कोळशाची डबी दोन ते सात दिवस खोलीत ठेवून लॅबला पाठवायची असते. पण रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं, म्हणजे तेवढ्या दिवसांत तो निम्माच उरतो. डबी कुरियरनं बाहेरच्या देशात पोचेपर्यंत तिच्यात उरणार काय? दुसरा मार्ग फिल्मच्या डिटेक्टरचा. रेडॉनमधून सुटणाऱ्या अल्फा कणांच्या खुणा फिल्मवर कायम राहतात, म्हणून उशिराची भीती नाही, पण निदान तीन महिने थांबावं लागतं. डिजिटल मॉनिटरही मिळतो म्हणे. यातलं काय करू? शिवाजी विद्यापीठात किंवा आसपास कुणी फिल्म वाचून देतं का? आणि मिस्त्री खाली ग्रॅनाइट बसवूया म्हणतोय, ते चालेल का?

प्रतिसाद (सांगलीकर):
दादा, आईंसाठी विचारताय तर फिल्मच लावा. रेडॉन रोज, ऋतूनुसार वरखाली होतो, चार दिवसांच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. शक्य असेल तर एक फिल्म पावसाळ्यात, एक उन्हाळ्यात. जमिनीपासून दोन-तीन फूट वर, आईंची कॉट जिथं येणार त्या बाजूला ठेवा. खिडकी, पंखा, बाथरूम यांच्यापासून लांब. आमच्याकडं डिजिटल मॉनिटर आहे. पहिल्या दिवसांचे आकडे सोडून द्यायचे, महिन्याची सरासरी बघायची.

जागतिक आरोग्य संघटना घनमीटरला १०० बेकरेलच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) आत ठेवा म्हणते, ते जमत नसेल तर ३०० च्या वर तरी जाऊ देऊ नका. अमेरिकेत १४८ ला दुरुस्ती करायला सांगतात, ताई लिटरला ४ पिकोक्युरी (तिकडचं एकक) म्हणत असतील ते हेच. ग्रॅनाइटच्या फरशीची भर सहसा किरकोळ असते, मुख्य येतो तो खालच्या मातीतून. म्हणून फरशी बदलणारच असाल तर आत्ताच कोब्याखाली खडीचा थर आणि एक पीव्हीसी पाइप टाकून तो गच्चीच्या वर काढून ठेवा. आकडा जास्त आला तर त्याला पंखा जोडला की खालचा वायू वरून बाहेर जातो, झालं. नंतर फरशी फोडायची वेळ येणार नाही.

धागाकर्ता:
पाइपाचं लाख बोललात, मिस्त्रीला आजच सांगतो. फिल्म लावतोच, आणि तोवर आईची सोय वरच्याच मजल्यावर. फिल्म वाचून देणारं जवळपास कुणी असेल तर कोल्हापूरकरांनो, जरूर कळवा. महिनाभर मॉनिटर भाड्यानं मिळाला तरी चालेल.