प्रतीकवादातले 'प्रतीक' कोणते?

प्रश्न : काव्य आणि चित्रकलेतल्या फ्रेंच 'सिम्बॉलिझम' या चळवळीसाठी मराठीत 'प्रतीकवाद' हा शब्द रूढ आहे. कबुतर हे शांततेचे प्रतीक, असे आपण म्हणतो, तोच अर्थ इथे अभिप्रेत आहे काय? आणि अशा चित्रांबद्दल लिहिताना 'गूढार्थ' म्हणावे की 'गर्भितार्थ'?

उत्तर : तो अर्थ अभिप्रेत नाही, आणि घोळ होतो तो तिथेच. कबुतर आणि शांतता यांची सांगड आधीच ठरलेली असते. तिला खरे तर 'संकेत' म्हणावे. कवी ज्याँ मोरेआसने १८८६ साली पॅरिसच्या 'ल फिगारो'त जाहीरनामा छापून ज्या चळवळीला हे नाव दिले, तिला अशी ठरीव सांगड नको होती. वस्तूचे नाव घेतले की कवितेतला तीन चतुर्थांश आनंद गेला, ती हळूहळू सुचवावी, असे फ्रेंच कवी मालार्मे १८९१ मध्ये म्हणाला. हे आपल्या काव्यशास्त्रातल्या 'व्यंजने'च्या, म्हणजे न सांगता सुचवणाऱ्या शब्दशक्तीच्या, फार जवळचे आहे : 'गंगेवर गवळीवाडा' या जुन्या उदाहरणात 'तीरावर' हा अर्थ लक्षणेने, म्हणजे शब्दशः अर्थ जुळत नाही म्हणून त्याच्याशी संबंधित अर्थ घेऊन, मिळतो, पण तिथला गारवा आणि पावित्र्य जाणवते ते व्यंजनेनेच.

स्विस चित्रकार बॉक्लिनचे 'मृतांचे बेट' हे चित्र पाहावे. काळसर पाण्यावर एक होडी, तीत पाठमोरी उभी असलेली शुभ्रवस्त्रा आकृती, पुढ्यात शवपेटी, आणि समोर कड्यांच्या कुशीत सुरूसारखे उंच, काळे वृक्ष. युरोपात हे वृक्ष दफनभूमीत लावतात, एवढा संकेत चित्रात आहेच. पण ती आकृती कोण, हे चित्र सांगत नाही. गंमत अशी की हे नावही चित्रकाराचे नव्हे, विक्रेत्याने दिलेले आहे. बॉक्लिन त्याला स्वप्नात रमण्यासाठीचे चित्र म्हणत असे.

म्हणून 'गूढार्थ' मला खटकतो. 'गूढ' हा शब्द 'गुह्', म्हणजे झाकणे, या धातूवरून आला आहे ('गुहा'ही त्याच धातूची), त्यामुळे कोणीतरी लपवलेला आणि म्हणून हुडकून काढता येणारा एकच अर्थ आहे, असे वाटू लागते. 'गर्भितार्थ' बोलण्याला शोभतो. 'साहेबांच्या बोलण्याचा गर्भितार्थ असा, की रजा मिळणार नाही', इथेही अर्थ एकच आणि स्पष्ट सांगता येण्याजोगा आहे. चित्राला 'गूढ' हे विशेषण खुशाल लावावे. अर्थासाठी मात्र 'सूचितार्थ' किंवा 'ध्वन्यर्थ' बरा.

'प्रतीकवाद' बदलून 'ध्वनिवाद' करावा, असे मात्र मी सुचवणार नाही, कारण तो शब्द संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाच्या, सूचित अर्थाला 'ध्वनी' म्हणणाऱ्या सिद्धान्ताने आधीच अडवून ठेवला आहे.