सहावीची मोटर नुसती थरथरतेय, काय चुकतंय?

जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला शिकवते. सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचं रबर, चुंबक आणि रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेली वार्निश चढवलेली तांब्याची तार, एवढ्यावर मोटर केली. वेटोळं एकदा थरथरतं नि गप्प. पोरं म्हणतात, "बाई, हिला थंडी वाजतेय!" वार्निश निघावं म्हणून तार घासलीय हो, दोन्ही टोकं लख्ख.

उत्तर १: ताई, तिथंच घोळ आहे. दोन्ही टोकं पूर्ण घासली की अर्ध्या फेरीनंतर चुंबक वेटोळ्याला मागं ओढतो. एक टोक पूर्ण घासा. दुसरं मात्र वेटोळं उभं धरून फक्त वरच्या बाजूनं, म्हणजे अर्धी फेरी वीज बंद राहते. आडवं ठेवून घासलंत तर पुन्हा थरथरच!

उत्तर २: पॉलिश पेपर वापरा, पोरांच्या हाती ब्लेड नको. सेल जोडून ठेवू नका, तापतो. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवर असली खेळणी चित्रांसकट फुकट आहेत.

प्रश्नकर्ती: फिरली! टिचकी मारावी लागते, पण फिरते. मधल्या सुट्टीत कुणी डब्याकडे बघेना. एकीनं चुंबक उलटा ठेवला तर मोटर उलटी फिरायला लागली. मी सांगितलंच नव्हतं. आता पाचवीवाले दारात उभे आहेत आणि तार संपलीय.