बेळगाव भागात क्लेमंटच्या (भरपाई मागणाऱ्याच्या) बाजूने एमव्हीसी (मोटार अपघात दाव्यांची) प्रॅक्टिस : सुरुवात कुठून करावी?

नवाकोट_चिकोडी
वकिलीची सनद मिळून दीड वर्ष झालं. अपघातग्रस्तांच्याच केसेस घ्यायच्या असं मनात आहे. पक्षकार म्हणजे ऊसतोडीवाले, गवंडी, दूध घालणारे. समोर विमा कंपनी, नाहीतर बस महामंडळ. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिल्या महिन्यात काय राहून गेलं की पुढे केस अडकते? अपघात महाराष्ट्र हद्दीत झाला असेल तर दावा कुठं घालायचा? आणि मराठीत साक्ष देणाऱ्याला कानडी-इंग्रजी रेकॉर्डवर कसं सांभाळायचं? समाजसेवेवर भाषण नको, कामाचं सांगा.

जुनी_फाइल
आधी अपघाताची तारीख बघा. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) ची मुदत आली आहे, अपघातापासून सहा महिन्यांत दावा घालायचा. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान आहे खरं, पण त्या भरवशावर फाइल कपाटात ठेवू नका.

मग एफआयआर, फिर्याद, स्पॉट पंचनामा, स्केच, मोटार इन्स्पेक्टरचा अहवाल, वूंड सर्टिफिकेट (जखमांचा दाखला) आणि शेवटी चार्जशीट. मृत्यू असेल तर इन्क्वेस्ट (मृतदेहाचा पंचनामा) आणि पीएम (शवविच्छेदन). हे सगळं मिळतंच. घोळ असतो तो तारखांच्या मधल्या फटीत. अथणी-कागवाडकडचा जखमी माणूस थेट मिरजेला जातो. तिथल्या दवाखान्याची एमएलसी (अपघाताची पोलिसांना कळवायची नोंद) मिरजेच्या पोलिसांकडे जाते, तिथून कागद इकडच्या ठाण्यात यायला दिवस जातात, आणि एफआयआर आठ-दहा दिवसांनी होतो. विमा कंपनीचा पहिला मुद्दा ठरलेला: आमची गाडी केसमध्ये नंतर घुसडली. रवी विरुद्ध बद्रीनारायण (२०११) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या उशिरावर दावा फेटाळू नये असं म्हटलंय, पण उशिराचं कारण कागदावर दिसलं पाहिजे. म्हणून दवाखान्याचं केसपेपर लगेच काढा. त्यावर 'हिस्टरी'च्या रकान्यात काय लिहिलंय ते स्वतः वाचा. नातेवाईक घाबरून 'मोटारसायकलवरून पडला' एवढंच सांगतात, ट्रॅक्टरचं नावच नसतं. ती एक ओळ तुमच्या दहा साक्षीदारांना भारी पडते.

हिशोबी_माणूस
वयाचा पुरावा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. लोक आधार जोडून मोकळे होतात. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय; शाळा सोडल्याचा दाखला आणा.

फरक किती पडतो ते बघा. मयत स्वतःचा धंदा करणारा, महिना १५,००० धरले, घरी चार अवलंबून, म्हणजे स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा. वय ३९ असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी (२०१७) निकालाप्रमाणे उत्पन्नातली भावी वाढ ४० टक्के आणि सरला वर्मा (२००९) प्रमाणे गुणक (वर्षाच्या रकमेला वयानुसार गुणायचा आकडा) १५. महिन्याचे २१,००० झाले, वजावटीनंतर १५,७५०, वर्षाचे १,८९,०००, गुणिले १५ म्हणजे २८,३५,०००. तोच माणूस आधारवर ४१ चा असेल तर वाढ २५ टक्के, गुणक १४, आणि आकडा येतो २३,६२,५००. पावणेपाच लाख गेले ते शाळेच्या एका कागदापायी.

उत्पन्नाचं म्हणाल, तर पुरावाच नसला की कोर्ट लोकअदालतीच्या वर्षवार तक्त्यातला अंदाजी आकडा धरतं. त्याच्या वर जायचं असेल तर डेअरीचं पासबुक, कारखान्याची ऊसबिलं, गवंड्याचं लेबर कार्ड, तोडणी मजुराच्या उचलीची मुकादमाकडची नोंद गोळा करा. शेतकरी मयत असेल तर 'जमीन कुठं गेली नाही' हा विमा कंपनीचा आवडता प्रश्न. त्याला उताऱ्याने उत्तर मिळत नाही. माणूस गेल्यावर नांगरटीला, पाणी पाजायला गडी लावले त्याचा खर्च दाखवावा लागतो.

जखमी असेल तर अपंगत्वाचा आकडा नीट मांडा. डॉक्टर एका पायाचं ३६ टक्के लिहितात, आपल्याकडे बहुधा त्याचा तिसरा हिस्सा, १२ टक्के, पूर्ण शरीराचा धरतात. पण राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) चा प्रश्न वेगळा आहे: त्या कामाला तो माणूस किती उपयोगाचा राहिला? परातीवर चढता न येणारा गवंडी १२ टक्के अपंग नसतो. हे डॉक्टरांच्या तोंडून सरतपासणीतच (आपणच प्रश्न विचारतो तेव्हाच) काढा: उकिडवं बसता येतं का, ओझं उचलता येतं का, शिडी चढता येते का.

ट्रॉलीमागं
परातीवर नव्हे हो, परांचीवर, बांधकामाच्या मचाणावर! परात जेवणाची. 😄

बाकी मुद्दा पक्का. मी ट्रॅक्टरचं सांगतो, कारण हंगामात निपाणी-चिकोडी-अथणी पट्ट्यातल्या फायली त्याच्याच. एका इंजिनामागे दोन ट्रॉल्या, मागे रिफ्लेक्टर नाही, आणि रात्री मोटारसायकल मागून धडकते. विमा कंपनी मोटारसायकलवाल्याचीच चूक म्हणणार. पंचनाम्यात ट्रॉली रस्त्यावर किती आत होती, मागे दिवा होता का, हे नसेल तर फोटो आणि इन्स्पेक्टरचा अहवाल हाच आधार. ट्रॉलीचा नंबर आणि विमा वेगळा तपासा. इंजिनची पॉलिसी बघून गप्प बसू नका.

दावा घालण्याआधी एकच प्रश्न: आपला माणूस नेमका कुठे होता? रस्त्यावरचा तिऱ्हाईत असेल तर बरीच मोकळीक आहे. चालकाच्या लायसनची अडचण निघाली तरी सर्वोच्च न्यायालयाच्या स्वर्णसिंग (२००४) निकालाच्या धर्तीवर कंपनीला 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा हुकूम मागता येतो. पण तो मडगार्डवर बसलेला असेल तर ट्रॅक्टरवर सीट एकच, कंपनी सुटू शकते आणि निवाडा उरतो तो गावातल्या ट्रॅक्टरमालकावर. वसुली कुणाकडून करणार? ट्रॉलीवरचा मजूर असेल तर मजुरांसाठी जादा प्रीमियम भरलाय का बघा, आणि कामगार भरपाईचा रस्ता घ्यायचा की एमव्ही कायद्याचा ते आधीच ठरवा. कलम १६७ प्रमाणे दोन्हीकडे मागता येत नाही.

जुनी_फाइल
हद्दीचं राहिलं. कलम १६६(२) प्रमाणे अपघाताच्या ठिकाणी, क्लेमंट राहतो वा धंदा करतो तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे दावा चालतो. म्हणजे कागलजवळ अपघात झालेल्या निपाणीच्या माणसाला कोल्हापूरला हेलपाटे घालायची गरज नाही. मात्र महाराष्ट्र पोलिसांचे मराठी कागद इकडे भाषांतर करूनच द्यावे लागतात, आणि तिकडचा डॉक्टर येत नसेल तर कमिशनवर (कोर्टाने नेमलेल्या माणसाकरवी तिकडे जाऊन) साक्ष घ्यायचा अर्ज लवकर द्या. अपीलही त्यावरच ठरतं: इथला निवाडा कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात जातो, कोल्हापूरचा आता मुंबई हायकोर्टाच्या तिथल्याच सर्किट बेंचपुढे.

लोकअदालतीत मिटवायचं तर हिशोब आधी मांडून ठेवा, मगच कंपनीचा आकडा ऐका.

हिशोबी_माणूस
तिथे थोडा मतभेद. चार्जशीट स्वच्छ आणि डॉक्टर तयार असेल तर पहिल्याच लोकअदालतीत मिटवायची घाई कशाला? घरात खरंच चूल बंद असेल तर वेगळी गोष्ट, तो निर्णय पक्षकाराचा.

आणि फी. निकालातल्या रकमेवर टक्का ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. चालतं सगळीकडे, म्हणून नियम बदलत नाही. ठरावीक फी, टप्प्याटप्प्याने, लिहून. पहिली दोन-तीन वर्षं पैसा उशिरा येतो, तेव्हा नोटीस, वारसा, किरकोळ दिवाणी कामं सोडू नका.

नवाकोट_चिकोडी
सगळ्यांचे आभार, परातीसकट. साक्षीचं मात्र कुणी बोललं नाही.

दुभाषी_नको
घोळ 'व्हय' या शब्दात आहे. उलटतपासणीत विचारतात, "हेल्मेट घातलं नव्हतं ना त्यांनी?" बाई घाबरून म्हणते "व्हय", तिच्या मनात असतं 'घातलं होतं की'. रेकॉर्डवर जातं: हेल्मेट नव्हतं हे खरं आहे. उलटंही होतं. "तो दारू प्यायला नव्हता?" "व्हय." म्हणजे नव्हता. पण इंग्रजीत नुसतं 'येस' पडलं तर अर्थच फिरला.

म्हणून साक्षीआधी एवढंच शिकवा: होय-नाही एकटं नको, पूर्ण वाक्य बोला. "त्यांनी हेल्मेट घातलं होतं." "ते प्यायले नव्हते." उत्तर चुकीचं उतरलं तर तिथेच उभं राहून सांगा, युक्तिवादाच्या वेळी उपयोग नाही. सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र इंग्रजी-कानडीत असेल तर मजकूर मराठीत वाचून समजावल्याची ओळ घाला आणि खरोखर वाचून दाखवा. "यात काय लिहिलंय?" हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न असतो. आणि साक्ष संपल्यावर सहीआधी टाइप झालेलं पान मागून घ्या, गाडीचा नंबर, तारीख आणि 'नॉट' हा शब्द तीनदा तपासा.